अपघाताची भरपाई आणि मुदतीचा हिशोब

उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो चिखलाने माखलेला, आणि ट्रॉली बंद पडली तर तशीच रस्त्यात उभी. अंधारात मोटारसायकलवरून घरी येणारा माणूस तिच्यावर जाऊन आदळतो. सकाळी गावात बातमी येते आणि एका घराचा कर्ता पुरुष गेलेला असतो.

मग घर माणसांनी भरते. दहावा होतो, तेरावा होतो. पाहुणे परत जातात. रानात पीक उभे असते, सोसायटीचे कर्ज असते, मुलांची शाळा असते. दोन-चार महिन्यांनी कोणीतरी सुचवते, ‘वहिनी, भरपाईचं काही केलं का?’ तेव्हा कागद शोधायला सुरुवात होते, आणि पुष्कळदा असे कळते की एका ठिकाणची मुदत कधीच उलटली आहे आणि दुसऱ्या ठिकाणची उलटण्याच्या बेतात आहे. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याला पाठ असते, पण ती आपल्या घरावर कधी येईल याचा विचार आपण करीत नाही.

गेलेला माणूस पैशाने परत येत नाही हे खरे. परंतु त्याच्या मागे राहिलेल्यांना दोन वेळचे अन्न, औषध आणि शिक्षण मिळावे म्हणून कायद्याने काही वाटा ठेवल्या आहेत. त्या कोणाची मेहेरबानी नव्हेत, तो हक्क आहे. मात्र प्रत्येक वाटेला मुदत आहे. म्हणून हा लेख घरातल्या सर्वांनी, विशेषतः माता-भगिनींनी, एकदा सावकाश वाचावा.

मुदत केव्हापासून मोजतात?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. रस्त्यावरील अपघातात मुदत मोजली जाते ती अपघाताच्या दिवसापासून. दवाखान्यातून सुटल्यापासून नव्हे, तेराव्यापासून नव्हे, पोलिसांचे कागद हाती आल्यापासूनही नव्हे. माणूस चार महिने दवाखान्यात पडून राहिला आणि मग वारला, तरी सहा महिन्यांच्या मुदतीतले चार महिने गेलेलेच असतात.

म्हणून अपघात झाला की घरातल्या एका शहाण्या माणसाने, रडारडीतून थोडे बाजूला होऊन, एक वही करावी. पहिल्या पानावर अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा नंबर आणि पाहणाऱ्यांची नावे लिहावीत. पुढे रोज कोणाला भेटलो, काय कागद दिला, काय घेतला, एवढे टिपून ठेवावे. ही वही पुढे वकिलाच्याही उपयोगी पडते.

पहिले दोन दिवस

सर्वांत आधी जखमीचा जीव. ११२ या नंबरवर फोन करावा. मोटार अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना जाहीर केली असून, तिच्याखाली ठरलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखान्यात पोहोचल्यावर हे स्पष्ट शब्दांत विचारावे.

डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ त्या घटकेला जे सांगाल ते केसपेपरवर लिहिले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तेच खरे धरले जाते. पुष्कळ लोक पोलिसांच्या भानगडीला भिऊन ‘घसरून पडला’ असे सांगतात. वाहनाने ठोकरले असेल तर ‘वाहनाने ठोकरले’ असेच सांगावे. एकदा ‘घसरून पडला’ असे कागदावर आले की विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो.

त्यानंतर पोलिसात फिर्याद. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, ती योग्य ठाण्याकडे पुढे पाठवली जाते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. घटनास्थळाचा पंचनामा होताना घरचे कोणीतरी हजर असावे आणि वाहने हलवण्यापूर्वी मोबाईलवर चार फोटो काढून ठेवावेत. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदन टाळू नये. ‘देहाची विटंबना नको’ म्हणून पुष्कळ घरे ते नाकारतात. त्यांच्या भावना समजण्यासारख्या आहेत. पण शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर मृत्यू अपघातानेच झाला हे सिद्ध करणे फार जड जाते. सर्पदंश, विजेचा धक्का, औषध फवारताना झालेली विषबाधा यांनाही हे लागू आहे.

रस्त्यावरचा अपघात : सहा महिने

मोटार अपघाताचा दावा ‘मोटार अपघात दावा न्यायाधिकरणा’पुढे चालतो. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात असते. अपघात जिथे झाला तिथे, किंवा आपण जिथे राहतो तिथे, किंवा ज्याच्यावर दावा तो जिथे राहतो तिथे, यांपैकी कोठेही दावा लावता येतो. म्हणजे अपघात पुण्याजवळ झाला आणि घर लातूरकडे असले, तरी हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

या मुदतीची कथा ऐकण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. गोरगरिबांचे दावे त्यामुळे बुडतात असे दिसल्यावर १९९४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. पुढे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे मुदतीचे बंधन नव्हते. गावातले जुने जाणते लोक आजही सांगतात, ‘घाई कशाला, अपघाताच्या दाव्याला मुदत नसते.’ त्यांचे सांगणे त्या काळी बरोबर होते. परंतु २०१९ मध्ये कायदा पुन्हा बदलला, आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली. म्हणून या बाबतीत जुन्या अनुभवावर विसंबू नये.

या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की ते प्रकरण चालू असेपर्यंत केवळ मुदत संपली म्हणून असे दावे फेटाळू नयेत. ज्यांचे सहा महिने उलटून गेले आहेत त्यांनी म्हणून आशा सोडू नये, तातडीने वकिलाला गाठावे. पण ज्यांच्या हाती अजून दिवस आहेत त्यांनी या आदेशाच्या भरवशावर बसू नये. अंतरिम आदेश हा शेवटचा निकाल नव्हे.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनी पोलिसांवरही जबाबदारी टाकली आहे. तपासी अंमलदाराने ४८ तासांच्या आत अपघाताची पहिली खबर न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यावयाची असते. दहा दिवसांच्या आत अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा कागद द्यावयाचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. हा अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरता येतो. तेव्हा ठाण्यात जाऊन नम्रपणे, पण ठामपणे विचारावे, ‘साहेब, आमच्या अपघाताचा सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का?’ उत्तर काहीही मिळो, आपला स्वतःचा अर्ज मुदतीत द्यावा हे उत्तम.

धडक देऊन वाहन पळाले तर

वाहनाचा नंबर मिळाला नाही म्हणून पुष्कळ घरे गप्प बसतात. हे चुकीचे आहे. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातासाठी २०२२ ची वेगळी योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. यासाठी वकिलाची गरज नाही. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद किंवा शवविच्छेदन अहवाल, ओळखीचा पुरावा आणि बँकेचे पासबुक एवढ्यावर काम होते.

आपलाच ट्रॅक्टर उलटला तर

येथे शेतकऱ्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत असते. ‘ट्रॅक्टरचा विमा आहे ना, मग काळजी कसली?’ असे वाटते. परंतु कायद्याने सक्तीचा असलेला विमा तिऱ्हाईताचे नुकसान भरून देण्यासाठी असतो. मालक स्वतः ट्रॅक्टर चालवीत असताना बांधावरून उलटून गेला, तर त्याला तिऱ्हाईत म्हणत नाहीत. त्याच्यासाठी पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा’ वेगळा असावा लागतो. तो पंधरा लाखांचा असतो आणि चालकाकडे चालू लायसन्स असणे आवश्यक असते. आज रात्रीच आपली पॉलिसी काढून ही ओळ तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर एजंटाला उद्याच विचारा.

दुसरी गोष्ट मडगार्डवर बसणाऱ्यांची. ट्रॅक्टरवर चालकासाठी एकच जागा असते. मडगार्डवर बसलेला माणूस किंवा ट्रॉलीत बसून जत्रेला, लग्नाला निघालेले वऱ्हाड यांचा विमा नसतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, आणि भरपाईचा बोजा मालकाच्या अंगावर येतो. शेतीसाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला लावला तरी हीच अडचण येते. भाजीपाला घेऊन बाजाराला निघालेल्या ट्रॉलीतील प्रवाशाच्या मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विमा कंपनीला जबाबदार धरले नव्हते. पाहुण्याला ‘बसा मडगार्डवर’ म्हणताना दहा वेळा विचार करावा. अशा वेळी त्याचा जीव आणि आपली जमीन दोन्ही धोक्यात असतात.

शेतकरी अपघात योजना : तीस दिवस

शेतावर काम करताना आलेल्या संकटासाठी महाराष्ट्र शासनाची ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ आहे. पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चाले आणि कंपन्यांच्या आक्षेपांत पुष्कळ दावे अडकत. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ती सरकारी अनुदानाची योजना झाली.

सातबाराच्या उताऱ्यावर नाव असलेला वहितीधारक खातेदार शेतकरी, आणि नाव नसलेला त्याच्या कुटुंबातील कोणताही एक सदस्य – आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी – अशा दोन जणांना ही योजना लागू आहे. वय १० ते ७५ वर्षे. मृत्यू झाल्यास दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक डोळा आणि एक अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. रस्त्यावरील अपघात, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, वीज अंगावर पडणे, साप किंवा विंचू चावणे, औषध हाताळताना विषबाधा, उंचावरून पडणे, जनावराचा हल्ला, बाळंतपणातील मृत्यू हे सारे तिच्यात येते. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या आणि दारूच्या अमलाखाली झालेला अपघात येत नाही. याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या खात्याची मदत घेतली असेल, तर ही मदत मिळत नाही.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून तीस दिवसांच्या आत द्यावयाचा असतो. तेराव्यानंतर हाती अडीच आठवडेही उरत नाहीत. सातबारा, वारस नोंदीचा उतारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, आणि फिर्याद, पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल हे कागद लागतात. एखादा कागद मिळायला उशीर होत असेल तर तोवर थांबू नये. आहेत त्या कागदांनिशी अर्ज द्यावा, राहिलेल्या कागदांची यादी खाली लिहावी आणि पोच घ्यावी.

आणखी एक गोष्ट घरच्या पासबुकात पाहावी. वर्षातून एकदा वीस रुपये कापल्याची नोंद असेल तर ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना’ चालू आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख आणि अंशतः कायमचे अपंगत्व आल्यास एक लाख रुपये मिळतात. वारसाने बँकेत जाऊन तीस दिवसांच्या आत अर्ज द्यावा. गेलेल्या माणसाचे पासबुक कोणी उघडूनच पाहत नाही, म्हणून ही रक्कम पुष्कळदा तशीच राहते.

मजूर, वीज आणि बिबट्या

आपल्या शेतावर मजुराला इजा झाली तर? ट्रॅक्टरने किंवा विजेच्या वा इंजिनाच्या यंत्राने चालणाऱ्या शेतीकामावरील मजुरालाही मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे. हा हक्क १९२३ च्या कायद्याने दिला होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. दावा करण्याची मुदत दोन वर्षे आहे. मळणी यंत्रात मजुराचा हात गेला, तर ‘त्याचीच चूक’ म्हणून मालक मोकळा होत नाही. यंत्राच्या तोंडावर संरक्षक पत्रा बसवणे भरपाईपेक्षा स्वस्त आहे, आणि माणुसकीचेही आहे.

शेतात लोंबकळणारी विजेची तार तुटून माणूस गेला तर पोलिसांबरोबरच वीज कंपनीला लेखी कळवावे आणि विद्युत निरीक्षकाच्या चौकशीची मागणी करावी. वीज ही धोकादायक वस्तू आहे. ती पुरवणाऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही तरी त्याच्यावर जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. मृत्यूच्या भरपाईसाठी दिवाणी दावा करावयाचा झाल्यास मुदत मृत्यूपासून दोन वर्षे असते.

जुन्नर, आंबेगावच्या बाजूला उसात बिबट्या, आणि चंद्रपूरच्या बाजूला रानात वाघ, ही भीती आता रोजची झाली आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २०२३ च्या निर्णयानुसार राज्य शासनाकडून पंचवीस लाख रुपये मिळतात. कायमचे अपंगत्व आणि गंभीर दुखापत यांसाठीही वेगळ्या रकमा आहेत. मात्र वनखात्याच्या जवळच्या अधिकाऱ्याला शक्यतो त्याच दिवशी, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत कळवावे. पावलांचे ठसे आणि रक्ताचे डाग पावसाने धुऊन गेले की पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही.

रक्कम कशी ठरते?

‘आम्हाला किती मिळेल?’ हा प्रश्न मोटार अपघाताच्या प्रत्येक दाव्यात असतो. रक्कम न्यायाधीशांच्या मर्जीवर नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत तिचे गणित घालून दिले आहे. एक उदाहरण करून पाहू.

समजा ३८ वर्षांचा शेतकरी गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई असे चौघे. त्याची मिळकत महिना १२,००० रुपये धरली. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या मिळकतीत पुढील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात. झाले १६,८०० रुपये. तो जगता तर स्वतःवर काही खर्च करता, म्हणून अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर चौथा हिस्सा वजा करतात. राहिले १२,६०० रुपये. वर्षाचे झाले १,५१,२००. आता वयाप्रमाणे गुणक लावतात. ३६ ते ४० वयाला तो १५ आहे. एकूण झाले २२,६८,००० रुपये. याशिवाय बायको, मुले आणि आई यांच्या सहवासाच्या हानीबद्दल, अंत्यविधीच्या खर्चाबद्दल आणि मालमत्तेच्या हानीबद्दल ठरावीक रकमा मिळतात. त्यांत दर तीन वर्षांनी वाढ होते.

या गणितात सर्वांत नाजूक आकडा पहिला आहे, म्हणजे मिळकतीचा. शेतकऱ्याला पगाराची चिठ्ठी नसते. म्हणून आडत्याच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, दूध संघाच्या पावत्या, बँकेचे उतारे हे सारे जपून ठेवावे. दूध संघाच्या पावत्या चुलीत घालणाऱ्या घरांना त्यांची खरी किंमत दाव्याच्या वेळी कळते. समोरचा वकील म्हणेल, ‘जमीन तर आहे तिथेच आहे, मग नुकसान कसले?’ त्याला उत्तर असे, की जमीन राहिली पण ती कसणारा आणि पाहणारा गेला. त्या कष्टाची आणि देखरेखीची हानी भरून मिळते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे.

घरातली बाई गेली तर ‘ती कुठे कमावत होती?’ असे म्हणणारे अजून आहेत. पहाटे गोठा, दुपारी खुरपणी, संध्याकाळी चूल करणाऱ्या बाईच्या कष्टाला मोल आहे, आणि गृहिणीच्या कामाची मिळकत धरूनच भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितले. तिच्या दाव्यात ‘व्यवसाय : काही नाही’ असे कधीही लिहू देऊ नका. ‘शेतकाम, दूधव्यवसाय आणि घरकाम’ असे लिहा.

जखमी माणसाच्या बाबतीत दाखल्यावरच्या टक्क्यांपेक्षा त्याचे काम किती गेले हे पाहावे लागते, असा २०११ चा निकाल आहे. खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याचा पाय अधू झाला तर तो काम करू शकतो, नांगर धरणाऱ्याचे मात्र सगळेच थांबते. म्हणून ‘मी रोज शेतात काय काम करीत होतो आणि आता त्यातले काय करू शकत नाही’ हे स्वतःच्या जबानीत सविस्तर सांगावे. अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून घ्यावा. औषधाची प्रत्येक पावती, गाडीभाड्याची प्रत्येक चिठ्ठी ठेवावी.

अंगठा देण्यापूर्वी

अपघाताची बातमी पसरली की दारात मध्यस्थ येतात. ‘काकू, तुम्ही काही करू नका, फक्त येथे अंगठा द्या,’ अशी त्यांची भाषा असते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही देऊ नका. ‘आपसात मिटवू, पन्नास हजार घ्या’ म्हणून स्टॅम्पपेपर पुढे करणाऱ्यापासूनही सावध राहा. बारा-पंधरा लाखांचा हक्क घाईच्या कागदात गेला की परत मागताना फार कष्ट पडतात. विमा कंपनीनेच रीतसर तडजोडीची रक्कम देऊ केली, तर एक लक्षात ठेवा. चूक कोणाची हे न पाहता मिळणारी पाच लाखांची (मृत्यू) किंवा अडीच लाखांची (गंभीर दुखापत) रक्कम या मार्गाने स्वीकारली की मोठ्या रकमेचा दावा संपतो. वरचे गणित आधी घरी मांडावे, मग उत्तर द्यावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दावा सोडू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात ‘तालुका विधी सेवा समिती’ असते, तेथे साधा अर्ज करावा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल अपुरा वाटला तर उच्च न्यायालयात अपील करता येते, त्याची मुदत ९० दिवस.

पैसे आल्यावर काय करावे, हेही घराने आधीच ठरवावे. न्यायाधिकरण पुष्कळदा मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवायला सांगते. त्यात विधवेचे हित असते. भरपाईची रक्कम दिराच्या नव्या ट्रॅक्टरला गेली आणि मुलांची शाळा सुटली, असे होऊ नये. थोरल्या माणसांनी येथे मोठे मन दाखवावे. तो पैसा त्या मुलांच्या बापाच्या जागी आलेला आहे.

कपाटाच्या आत चिकटवण्यासाठी

वन्यप्राण्याचा हल्ला : ४८ तासांच्या आत वनखात्याला खबर.
मोफत उपचार, रस्त्यावरील अपघात : पहिले सात दिवस.
शेतकरी अपघात योजना : तीस दिवस, तालुका कृषी अधिकारी.
वीस रुपयांचा सुरक्षा विमा : तीस दिवस, बँक.
मोटार अपघाताचा दावा : सहा महिने, न्यायाधिकरण.
न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील : ९० दिवस.
मजुराचा दावा, आणि विजेने झालेल्या मृत्यूचा दिवाणी दावा : दोन वर्षे.

या यादीचा उपयोग आपल्या घरी कधी न होवो. पण शेजारच्या घरी तशी वेळ आली, तर सांत्वनाला जाताना ही यादी बरोबर न्या. तेराव्याच्या जेवणाला हातभार लावतोच आपण. त्याच दिवशी त्या माऊलीला तालुक्याला घेऊन जाण्यासाठी एखाद्याने आपली मोटारसायकल काढली, तर शेजारधर्म खरा पार पडेल.